प्राध्यापक जयंत विष्णु नारळीकर : एक कृतज्ञ स्मरण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मलकापूर येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हां आम्ही एखाद्या संताचें चरित्र सांगूं, किंवा ज्या जुन्या धर्मगुरूंनीं ह्या डोंगराळ मुलखांत पायपीट केली त्यांच्या आठवणी सांगूं, अशी सभासदांची अपेक्षा होती. आम्हीं प्राध्यापक जयंत विष्णु नारळीकर ह्यांचें नांव सांगितलें, तेव्हां कांहीं जण चकित झाले. एका वृद्ध बांधवांनीं तर स्पष्टच विचारलें, "फादर, ते आपल्या धर्माचे होते काय?" नव्हते. देवधर्म मानणाऱ्यांपैकीं म्हणूनही ते ओळखले जात नव्हते. तरीही आजच्या दिवशीं त्यांचें स्मरण करावें असें आम्हांस कां वाटलें, हें व्याख्यानाच्या अखेरीस आपणांस कळून येईल. त्यांत आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली आहे. धर्मगुरूनें इतरांच्या चुका नेहमीच ऐकाव्या. पण कधीं कधीं आपलीही सांगावी, हें बरें.

प्रथम नातें सांगतों. नारळीकर आपल्या कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ रोजीं त्यांचा जन्म कोल्हापुरांत झाला. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही १९०८ सालीं कोल्हापुरांतच जन्मले. केंब्रिज येथें शिक्षण घेऊन आल्यावर पंडित मदनमोहन मालवीय ह्यांच्या बोलावण्यावरून ते १९३२ सालीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक झाले, आणि आईन्स्टाईनच्या सापेक्षतावादाचा अभ्यास करणारी एक शिष्यपरंपराच त्यांनीं तेथें उभी केली. मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. ह्या घरांत मुलांसाठीं भिंतीवर फळे लावलेले होते. काशीस शिकावयास राहिलेले एक मामा त्या फळ्यावर भाच्यासाठीं गणिताचें एखादें अवघड कोडें लिहून ठेवीत, आणि तें सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानीपर्यंत तें तसेंच राही. आमच्या मतें, पुढें जगानें जे नारळीकर पाहिले ते ह्या फळ्यापाशींच घडले. प्रश्न भिंतीवर राहूं द्यावा, उत्तराची घाई करूं नये, आणि समोरचा वडील आहे म्हणून भिऊं नये, हे तीन धडे त्यांस तेथेंच मिळाले.

आपल्या आत्मचरित्रास त्यांनीं 'चार नगरांतले माझे विश्व' असें नांव दिलें. ह्या ग्रंथास २०१४ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तीं चार नगरें म्हणजे काशी, केंब्रिज, मुंबई आणि पुणें. त्यांत कोल्हापूर नाहीं. आम्हां कोल्हापूरकरांस ह्याचें थोडें वाईट वाटणें साहजिक आहे. परंतु पाळणा ज्या गांवीं हलतो तें गांव माणसास फार क्वचित् आठवतें. गांवानें मात्र माणसास विसरूं नये.

१९५७ सालीं काशीची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेंत १९५९ सालीं त्यांस 'सीनियर रँग्लर' होण्याचा, म्हणजे सर्वांत पहिलें येण्याचा, मान मिळाला. पुढें १९६० सालीं टायसन पदक, १९६२ सालीं स्मिथ पारितोषिक आणि १९६३ सालीं डॉक्टरेट, असा त्यांचा क्रम राहिला. गुरु लाभले ते फ्रेड हॉईल. हे गृहस्थ मोठे बुद्धिमान आणि तितकेच बंडखोर. विश्व प्रसरण पावत आहे, तारकाविश्वें एकमेकांपासून दूर जात आहेत, हें तोंपर्यंत सर्वमान्य झालें होतें. त्यावरून कित्येक शास्त्रज्ञ म्हणत कीं, एके काळीं सर्व कांहीं एकाच ठिकाणीं दाटलेलें असलें पाहिजे आणि तेथून ह्या विश्वाचा आरंभ झाला असला पाहिजे. हॉईल ह्यांस हें पटत नसे. १९४८ सालीं त्यांनीं, तसेंच बाँडी आणि गोल्ड ह्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, विश्वास आरंभ नाहीं आणि अंतही नाहीं. तें पसरत असतां मधल्या पोकळींत थोडें थोडें नवें द्रव्य निर्माण होत राहतें, आणि म्हणून तें सदैव सारखेंच दिसतें. विरुद्ध मतास १९४९ सालीं रेडिओवरील एका भाषणांत 'बिग बँग' हें नांव हॉईल ह्यांनींच दिलें. आपण त्यास मराठींत महास्फोट म्हणतों. विरोधकानें ठेविलेलें नांव मतास कायमचें चिकटावें, ही एक गंमतच होय.

१९६१ सालीं केंब्रिजचेच मार्टिन राईल ह्यांनीं, रेडिओ-दुर्बिणीनें केलेल्या गणनेवरून हॉईल ह्यांचें मत खोटें ठरतें, असें जाहीर केलें. त्यास उत्तर देण्यासाठीं विद्वानांच्या सभेपुढें हॉईल ह्यांनीं आपल्या नवख्या शिष्यास उभें केलें. तेव्हां नारळीकर बावीस वर्षांचे होते. त्यानंतर १९६४ सालीं गुरुशिष्यांनीं मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला, आणि त्यांचीं नांवें जगभर झालीं.

हा सिद्धांत गणिताचा आहे. पण त्याचें मर्म आपल्या भाषेंत सांगतां येईल. भरलेली बैलगाडी जागची हलवावयाची तर बैलांस प्रथम जोर करावा लागतो. वस्तूच्या ह्या हट्टास शास्त्रांत जडत्व म्हणतात. हें जडत्व कोठून आलें? आपण म्हणूं, तें त्या गाडींतच आहे. मॅख नांवाचा एक तत्त्वज्ञ म्हणत असे कीं, तसें नाहीं; गाडीचें जडत्व दूरदूरच्या ताऱ्यांमुळें आहे. हॉईल आणि नारळीकर ह्यांनीं ह्याच कल्पनेस गणिताचें रूप दिलें. इतर सर्व विश्व नाहींसें झालें, तर ह्या गाडीस वजनदारपणा उरणार नाहीं, असा त्याचा आशय. आंबा घाटाच्या वाटेवरील एक दगड आणि आकाशगंगेपलीकडील एक तारा ह्यांचें असें नातें असूं शकतें, हा विचारच मन नम्र करणारा आहे.

१९६५ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. १९६६ सालीं मंगला राजवाडे ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः गणिताच्या पंडिता होत्या. १७ जुलै २०२३ रोजीं त्यांचें निधन झालें. परदेशांत मान, पैसा आणि विद्वानांची संगत हीं सर्व असतां १९७२ सालीं नारळीकर स्वदेशीं परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्राध्यापक झाले. १९८८ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळाच्या विनंतीवरून पुण्यास त्यांनीं खगोलविज्ञानाची जी संस्था स्थापिली, तिलाच आपण आयुका म्हणतों. तिचे ते २००३ पर्यंत संचालक होते. ह्या संस्थेचा हेतु ध्यानांत घेण्यासारखा आहे. लहान गांवांतील महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एकाकी प्राध्यापकानें येथें यावें, पुस्तकें वाचावीं, दुर्बिणीचा उपयोग करावा, आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांस शिकवावें. विद्येचें दार मोठ्या शहरापुरतें उघडें राहूं नये, ही त्यांची तळमळ होती.

त्या संस्थेच्या आवारांत आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईन ह्यांचे पुतळे आहेत. गॅलिलिओचें नांव निघालें कीं आम्हां धर्मगुरूंस थोडी मान खालीं घालावी लागते. १६३३ सालीं त्याच्यावर जो निकाल लादला गेला, त्यांत त्या काळच्या धर्मपंडितांची चूक झाली, हें १९९२ सालीं पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं उघडपणें सांगितलें. साडेतीनशें वर्षें लागलीं, पण सांगितलें.

नारळीकरांच्या कीर्तीबद्दल पुष्कळ बोलतां येईल. २००४ सालीं पद्मविभूषण आणि २०१० सालीं महाराष्ट्रभूषण हे सन्मान त्यांस मिळाले. विज्ञानप्रसारासाठीं युनेस्कोचें कलिंग पारितोषिक १९९६ सालींच मिळालें होतें. परंतु आम्हांस त्यांच्या दोन गोष्टी ह्यांहून मोठ्या वाटतात.

पहिली गोष्ट अशी. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली होती. नारळीकरांनीं 'कृष्णविवर' नांवाची कथा लिहिली; परंतु आपल्या नांवाकडे पाहून परीक्षकांनीं निर्णय देऊं नये म्हणून त्यांनीं नारायण विनायक जगताप असें नांव घेतलें. आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं केलीं इतकेंच. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. त्या कथेस पहिलें बक्षीस मिळालें. तेथून 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशीं त्यांचीं पुस्तकें येत गेलीं, आणि २०२१ सालीं नाशिकच्या ९४ व्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस देण्यांत आलें. जगाच्या विद्वत्सभांत इंग्रजींत बोलणाऱ्या माणसानें आपल्या मुलांशीं मात्र मराठींत बोलावें, हें त्यांनीं कर्तव्य मानिलें.

दुसरी गोष्ट मुलांनीं लक्ष देऊन ऐकावी. शाळेंतील मुलें त्यांच्याभोंवतीं गर्दी करून स्वाक्षरी मागत. ते सहसा ती देत नसत. ते मुलांस सांगत कीं, मला पोस्टकार्ड पाठवा, त्यावर विज्ञानाचा एक प्रश्न विचारा. उत्तर येईल आणि त्याखालीं स्वाक्षरीही येईल. आणि खरोखरच उत्तर येई. एवढा मोठा प्राध्यापक खेडेगांवच्या मुलाच्या प्रश्नास स्वतः उत्तर लिही. ह्या पोस्टकार्डाचा आमच्या गोष्टीशीं संबंध आहे. तो पुढें येईल.

आतां एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. २००८ सालीं त्यांनीं पुण्यांत फलज्योतिषाची एक परीक्षा घेतली. शंभर हुषार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा मिळवून त्यांच्या पत्रिका तयार करण्यांत आल्या. प्रत्येक ज्योतिष्यास चाळीस पत्रिका दिल्या आणि कोणती हुषार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची एवढेंच सांगावयास सांगितलें. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें पाठविलीं. बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ४६ निघालें. पैसा उडवून छापा कीं कांटा पाहिला असता, तरी शेंकडा ५० च्या आसपास उत्तर बरोबर आलें असतें!

बंधुभगिनींनो, ह्यावर हंसणें सोपें आहे. पण ख्रिस्ती म्हणविणाऱ्या किती घरांत विवाह ठरवितांना गुपचूप पत्रिका दाखविली जाते, हें आम्हांस ठाऊक आहे, आणि तुम्हांसही ठाऊक आहे. पवित्र सभेच्या धर्मशिक्षणांत ह्याचा स्पष्ट निषेध आहे. संत ऑगस्टीन ह्यांनीं सोळाशें वर्षांपूर्वीं आपल्या 'कबुलीजबाबां'त फर्मिनस नांवाच्या मित्राची हकिकत सांगितली आहे. तो श्रीमंताच्या घरीं जन्मला. त्याच क्षणीं एका दासीच्या पोटीं एक मूल जन्मलें. ग्रह तेच, घटका तीच. एक वैभवांत वाढला, दुसरा गुलामच राहिला. ही हकिकत ऐकून ऑगस्टीन ह्यांचा ज्योतिषावरील उरलासुरला विश्वास गेला. संतानें एका मित्राच्या हकिकतीवरून जें ओळखलें, तेंच प्राध्यापकांनीं दोनशें पत्रिकांवरून तपासून पाहिलें. ह्या बाबतींत ते आपल्या धर्माचे नसूनही आपल्यापैकीं कित्येकांपेक्षां धर्माच्या शिकवणीस अधिक जवळ होते, असें म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आतां आमची कबुली.

महास्फोटाच्या कल्पनेचा मूळ पुरुष कोण, हें आपणांपैकीं थोड्यांसच माहीत असेल. ते एक कॅथोलिक धर्मगुरु होते. त्यांचें नांव जॉर्ज लमेत्र. १८९४ सालीं बेल्जममध्यें जन्मलेले हे गृहस्थ पहिल्या महायुद्धांत तोफखान्यांत लढले, १९२३ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि लुव्हेंच्या कॅथोलिक विद्यापीठांत त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें शिकविलें. विश्व प्रसरण पावत आहे हें त्यांनीं १९२७ सालीं गणितानें दाखविलें आणि १९३१ सालीं आद्य अणूची कल्पना मांडली. केंब्रिजला ज्या एडिंग्टन साहेबांजवळ ते शिकले, त्यांचाच सहवास कांहीं वर्षांनीं थोरल्या नारळीकरांस लाभला.

हें आम्हांस सेमिनरींत असतां कळलें, तेव्हां आमचा आनंद गगनांत मावेना. तेव्हांपासून अनेक वर्षें आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगत असूं कीं, मुलांनो, पाहा, विज्ञानानेंच सिद्ध केलें आहे कीं जगास आरंभ आहे. म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकांतील पहिला अध्याय खरा ठरला. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं नववीच्या वर्गांतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, पण नारळीकर तर म्हणतात कीं महास्फोट झालाच नाहीं. ते खरे ठरले तर देव खोटा काय?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तें सुचलें नाहीं असें सांगण्याचें धैर्यही झालें नाहीं. आम्ही रागावून म्हणालों, "खालीं बस. धर्मशिक्षणाच्या वर्गांत असले प्रश्न विचारूं नयेत." मुलगा खालीं बसला. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं. त्याच्या पुढच्याही आला नाहीं.

मनास टोंचणी लागली, तेव्हां आम्ही पुन्हां पुस्तकें उघडलीं. आणि काय आढळलें? १९५१ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं एका भाषणांत महास्फोटाचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशीं जोडला, तेव्हां सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्र स्वतः. आपला सिद्धांत भौतिकशास्त्राचा आहे. तो उद्यां बदलेलही. श्रद्धेची इमारत त्याच्यावर बांधूं नये, असें त्यांचें मत होतें. त्यांचें म्हणणें पोपमहाशयांपर्यंत पोंचलें असावें, कारण १९५२ सालीं खगोलशास्त्रज्ञांपुढें बोलतांना त्यांनीं तसा उल्लेख केला नाहीं. जी चूक करूं नये म्हणून ह्या धर्मगुरूनें एवढी काळजी घेतली, तीच आम्ही त्याचें नांव घेऊन वर्षानुवर्षें करीत होतों!

त्याहून लाजेची गोष्ट ही कीं, खरें उत्तर आम्हांस सेमिनरींतच शिकविलेलें होतें. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीं तेराव्या शतकांत लिहून ठेविलें आहे कीं, जगास आरंभ आहे हें आपण श्रद्धेनें मानतों. तें केवळ तर्कानें सिद्ध करितां येत नाहीं. आणि जग अनादि असतें तरीही तें देवाचेंच कार्य ठरलें असतें. वेदीजवळच्या दिव्याचा प्रकाश भिंतीवर पडतो. दिवा काल लाविला असो वा सदासर्वकाळ तेवत असो, भिंतीवरचा प्रकाश दिव्याचाच. निर्मिती म्हणजे पंचांगांतील एखादी तिथि नव्हे. ह्या क्षणींही सर्व सृष्टि ज्याच्यावर टेकून आहे त्याच्याशीं असलेलें तिचें नातें होय. नारळीकर खरे असोत वा लमेत्र, त्या नात्यास धक्का लागत नाहीं.

शास्त्राच्या न्यायालयांत बहुमत लमेत्र ह्यांच्या बाजूनें गेलें हेंही सांगितलें पाहिजे. १९६५ सालीं पेंझियास आणि विल्सन ह्यांनीं आकाशाच्या सर्व दिशांनीं येणाऱ्या एका मंद उष्णतेचा शोध जाहीर केला. ती त्या आद्य तप्त अवस्थेची खूण होय, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. २० जून १९६६ रोजीं लमेत्र निवर्तले. त्याच्या थोडेच दिवस अगोदर ही वार्ता त्यांच्या कानीं आली होती. नारळीकरांनीं तरीही आपली शंका सोडली नाहीं. १९९३ सालीं हॉईल आणि बर्बिज ह्यांच्यासह त्यांनीं आपलें मत सुधारून पुन्हां मांडलें, आणि अखेरपर्यंत ते थोड्यांच्या बाजूस उभे राहिले. थोडे असणें म्हणजे काय, हें ह्या तालुक्यांतील ख्रिस्ती माणसास सांगावयास नको. ते उभे राहिले ते शिव्याशाप देत नव्हे. आंकडे मांडून, विरोधकांचें ऐकून घेऊन आणि मैत्री राखून.

हें सर्व समजल्यावर आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. त्याच्या आईवडिलांसमक्ष त्याची क्षमा मागितली आणि वरील गोष्ट सांगितली. त्यानें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "फादर, तुम्हांला माहीत नव्हतें, तर तुम्ही नारळीकरांना पोस्टकार्ड कां नाहीं पाठवलें?"

दुसऱ्याच दिवशीं आम्हीं पोस्टांतून कार्ड आणविलें. मजकूर नीट जुळवून लिहूं म्हणून तें प्रार्थनापुस्तकांत ठेविलें. आज लिहूं, उद्यां लिहूं असें करितां करितां २० मे २०२५ उजाडला, आणि त्या दिवशीं पुण्यांत नारळीकरांनीं देह ठेविल्याची बातमी आली. तें कोरें कार्ड अजून आमच्या प्रार्थनापुस्तकांत आहे. मुलगा मात्र रविवारच्या वर्गास पुन्हां येऊं लागला, ही प्रभूची कृपा.

आतां आमची एकच विनंती. ह्या महोत्सवाची आठवण म्हणून देवळाच्या व्हरांड्यांत आम्हीं एक लांकडी पेटी ठेविली आहे. मुलांनीं, आणि मोठ्यांनींही, मनांतील प्रश्न कार्डावर लिहून तींत टाकावे. श्रद्धेविषयींचे टाकावे, आकाशाविषयींचे टाकावे. प्रत्येकाचें उत्तर आम्ही सहीनिशीं देऊं. ज्याचें उत्तर आम्हांस ठाऊक नसेल त्यावर तसें स्पष्ट लिहूं आणि जाणत्यास विचारूं. पण ह्यापुढें ह्या धर्मग्रामांत कोणत्याही मुलास प्रश्न विचारल्याबद्दल खालीं बसविलें जाणार नाहीं.

मृगापासून चार महिने आपलें आकाश ढगांनीं झांकलेलें असतें. पाऊस सरला कीं एखाद्या अंधाऱ्या रात्रीं मुलांस अंगणांत घेऊन उभे राहा. देवयानी नक्षत्रांत एक अंधुक ठिपका नुसत्या डोळ्यांनीं दिसतो. तें एक स्वतंत्र तारकाविश्व आहे, आणि त्याचा प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत यावयास सुमारें पंचवीस लक्ष वर्षें लागलीं आहेत. तो मुलांस दाखवा आणि कोल्हापुरांत जन्मलेल्या त्या प्राध्यापकांची गोष्ट सांगा. ज्यांनीं प्रामाणिकपणें सत्याचा शोध केला, त्यांस सत्यस्वरूप परमेश्वर आपल्या दयेंत ठेवो, आणि आपणां सर्वांस विचारण्याचें धैर्य व ऐकण्याची नम्रता देवो, हीच प्रभु येशूजवळ प्रार्थना.